धूळपाटी, शिळाछाप आणि उपग्रह : वर्गातलं यंत्र आणि घरची भाषा

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली होती. तिच्यात असं विचारलं होतं की, वर्गात आता पडदे आले, मोबाइल आले. तेव्हा निरनिराळ्या घरांतून, निरनिराळ्या बोली घेऊन येणाऱ्या मुलांची आता तरी सोय होईल, की सगळी एकाच साच्यातून बाहेर पडतील? प्रश्न चांगला आहे. आम्हाला त्यातला 'आता' हा शब्द तेवढा खटकला. हा प्रश्न आपल्याकडे कमीत कमी दोनशे वर्षं जुना आहे, आणि दर वेळी नवं यंत्र आलं की तो नव्याने विचारला जातो. म्हणून आज त्याचं उत्तर देण्याऐवजी त्याचा इतिहास सांगायचं आम्ही ठरवलं आहे. आम्ही इतिहासाचे पदवीधर नाही, आयुष्यभर तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवलं; त्यामुळे मधूनमधून पाय घसरून आम्ही त्या बाजूला जाऊ. सांभाळून घ्या.

घसरण लगेच सुरू करतो. लेखन हेच मुळात एक यंत्र आहे. प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादात सॉक्रेटिस एक इजिप्तची कथा सांगतो. थ्यूथ नावाचा देव लिपीचा शोध लावून राजाकडे येतो, आणि राजा त्याला म्हणतो की याने माणसांची स्मरणशक्ती वाढणार नाही, उलट दुबळी होईल. आपल्याकडेही तीच शंका होती. पाणिनीय शिक्षेत वेदपठण करणाऱ्यांपैकी जे सहा अधम सांगितले आहेत, त्यांच्यात पोथीत पाहून वाचणारा एक आहे. म्हणजे पुस्तक हातात घेऊन वाचणाऱ्याकडे एके काळी ज्या नजरेने पाहिलं गेलं, त्याच नजरेने आज आपण मोबाइल घेऊन बसलेल्या नातवाकडे पाहतो. हे एवढं मनाशी ठेवलं की पुढचं ऐकताना जरा नम्रपणा राहतो.

आता पंतोजीच्या शाळेत जाऊ. तिथलं यंत्र म्हणजे धूळपाटी. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची, काडीने अक्षर काढायचं, पाटी हलवली की पुन्हा कोरी. खर्च जवळजवळ शून्य. मोडी लिहिणं, उजळणी, पावकी, निमकी, पाउणकी हे सगळं पाठांतराने. या शाळेबद्दल गहिवरून बोलायची एक पद्धत आहे, ती आम्हाला मान्य नाही. तिथे कुलकर्ण्यांची, सावकारांची, वाण्यांची मुलं होती. मुली नव्हत्या आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुलं नव्हती. धूळ कोणालाही फुकट मिळत होती, धुळीजवळ बसण्याची परवानगी मात्र फुकट नव्हती. यंत्र स्वस्त झालं म्हणजे ते सगळ्यांचं होतंच असं नाही, हे पहिल्याच पायरीवर दिसतं.

या धुळीचा प्रवास मोठा गमतीचा आहे. अँड्र्यू बेल नावाचे एक पाद्री १७८९ साली मद्रासच्या एका अनाथालयाचे प्रमुख झाले. तिथल्या एका देशी शाळेत मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली. मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवायचं, ही रीतही त्यांनी आपल्या शाळेत चालवली, आणि १७९७ साली लंडनमध्ये त्यावर पुस्तिका छापली. तिकडे जोसेफ लँकेस्टर यांनी तसलीच पद्धत गरिबांच्या मुलांसाठी वापरली, वाळूच्या तबकांसकट. मग १८२०च्या दशकात मुंबईत सरकारच्या पाठिंब्याने देशी शाळा सुरू झाल्या, तेव्हा 'लँकेस्टरची पद्धत' म्हणून हीच गोष्ट विलायतेहून आपल्याकडे आली! आपली धूळ आपल्याला परदेशी माल म्हणून परत मिळाली. तेव्हा कोणतं तंत्र देशी आणि कोणतं विदेशी यावर भांडणाऱ्यांनी थोडं जपून भांडावं.

धुळीनंतर शिळा. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या काळात शाळापुस्तकं तयार करण्यासाठी मंडळी उभी राहिली. १८२२ साली एक संस्था निघाली, १८२७ पासून ती बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखली जाऊ लागली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस तिचे चिटणीस. पुस्तकं छापायला शिळाप्रेस आणले गेले. शिळाप्रेसवर अक्षरांचे खिळे जुळवावे लागत नाहीत. लेखनिक खास शाईने हाताने लिहितो आणि ते लिखाण दगडावर उतरवून त्याच्या शेकडो प्रती काढता येतात. म्हणजे ज्या वळणाचं अक्षर लिहाल, त्या वळणाचं छापून मिळेल. हा मुद्दा लक्षात ठेवा, आम्ही त्याच्याकडे परत येणार आहोत.

त्या वेळी मराठी दोन लिप्यांत लिहिली जात होती. पोथ्या बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत. आणि पत्रं, हिशोब, जमिनीचे कागद, कर्जरोखे मोडीत. सामान्य व्यवहाराची लिपी मोडी होती. पण शाळेच्या छापील पुस्तकाची लिपी बाळबोध ठरली. का ठरली? आम्ही विद्यार्थी असताना आम्हाला असं सांगितलं गेलं की मोडी ही जोडून, पळत लिहायची लिपी, तिचे खिळे पाडणं अवघड, म्हणून छपाईच्या युगात ती मागे पडली. यंत्राला जमलं नाही, म्हणून गेली. आम्ही हे कित्येक वर्षं खरं मानलं, वर्गात सांगितलंसुद्धा.

ते खरं नाही. विल्यम कॅरी यांनी श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या श्रीरामपूरला, १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, त्यात देवनागरी खिळे वापरले. पण १८१० सालचा त्यांचा मराठी-इंग्रजी कोश चक्क मोडी खिळ्यांत छापलेला आहे. म्हणजे मुंबईतल्या शाळापुस्तकांच्या दहा-बारा वर्षं आधी मोडीचे खिळे पाडून झाले होते. आणि शिळाप्रेसला तर खिळे लागतच नव्हते. पुढेही मोडी वाचनाची पुस्तकं शिळाछापावर निघत राहिली. दगडाची काहीच हरकत नव्हती. निवड माणसांनी केली. संस्कृत पोथ्यांची प्रतिष्ठा, एकसारखेपणाची हौस, इलाख्यातल्या वेगवेगळ्या भाषिक प्रांतांच्या कारभाराची सोय, अशी त्याला कारणं होती, आणि ती अगदीच वाईट होती असं आम्ही म्हणत नाही. बाळबोध शिकायला सोपी, अक्षर सुटं, संदिग्धता कमी. आमची तक्रार एवढीच की निवडीचं खापर यंत्रावर फोडलं गेलं. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही चूक सुटू नये, आम्हाला सुटली.

लिपीचं जे झालं तेच भाषेचं झालं, फक्त अधिक हळू. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची. तो कोश उघडून पाहा. त्यात कोकणातला शब्द कोकणातला म्हणून नोंदवलेला आहे, कवितेतला कवितेतला म्हणून, पेठेतला पेठेतला म्हणून. कोशाचं पोट मोठं असतं, त्याला सगळं चालतं. आता त्याच कोशाच्या कामात असलेले थॉमस कँडी पाहा. हेच कँडी पुढे सरकारी शाळापुस्तकांचे सर्वाधिकारी झाले. मराठीला विरामचिन्हं त्यांनीच नीट लावून दिली. आज आपण जो स्वल्पविराम देतो त्यात त्यांचा हात आहे, हे कृतज्ञतेने सांगायला हवं. पण क्रमिक पुस्तकाला कोशासारखं मोठं पोट परवडत नाही. त्याला एक शब्द निवडावा लागतो. तो शब्द बहुधा पुण्याच्या शास्त्रीमंडळींच्या तोंडचा निघाला. एकदा तो हजारो प्रतींत छापला गेला की वऱ्हाडातल्या, खानदेशातल्या, मालवणातल्या मुलाचा शब्द, जो कोशात नांदत होता, तो वर्गात 'चूक' झाला. कोणी दुष्टपणा केला नाही. पंतोजीची चूक पंतोजीच्या गावापुरती होती. छापील पुस्तकाने शुद्ध आणि अशुद्ध या गोष्टी सगळ्या मुलखाला एकदम वाटल्या.

आणि इथे जोतीराव फुल्यांना भेटल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिलं, ते बहुतेकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा या मागणीसाठी आठवतं. ते बरोबरच आहे. पण त्यात अभ्यासक्रमाबद्दलही मागण्या आहेत, आणि त्या आम्हाला फार बोलक्या वाटतात. बहुजनांच्या प्राथमिक शाळेत मोडी आणि बाळबोध दोन्ही शिकवा, हिशोब शिकवा, शेतीचं प्राथमिक ज्ञान द्या, असं ते म्हणतात. शिक्षकही होईल तेवढे शेतकरी वर्गातले तयार करा, म्हणजे ते मुलांत आणि पालकांत मोकळेपणाने मिसळतील, असंही सांगतात.

मोडी का मागितली असेल? फुल्यांना लिपीचं सौंदर्य जपायचं नव्हतं. शेतकऱ्याचा कर्जरोखा मोडीत होता. गहाणखत मोडीत होतं. कुलकर्ण्याच्या दप्तरात त्याच्या जमिनीबद्दल काय लिहिलं आहे ते मोडीत होतं. मुलाला फक्त बाळबोध शिकवली तर तो धडा वाचील, कविता वाचील, पण बापाने ज्या कागदावर अंगठा उठवला तो कागद त्याला वाचता येणार नाही. सांस्कृतिक विविधता वगैरे शब्द आपण आज वापरतो आणि डोळ्यांपुढे फेटे, लेझीम आणि सणवार येतात. फुल्यांच्या निवेदनात ती गोष्ट अशी येते : तुमच्या वर्गात शिकून पोराला घरचा कागद वाचता येतो का? आम्हाला ही कसोटी कुठल्याही शिक्षणतज्ज्ञाच्या व्याख्येपेक्षा जास्त उपयोगी वाटते.

१९१७ साली मुंबई इलाख्याने कारभारासाठी बाळबोध स्वीकारली. शाळेत मोडी पुढेही काही दशकं रेंगाळली, मग गेली. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, म्हणजे संगणकाचीही आता हरकत उरली नाही. फक्त वाचणारे उरले नाहीत.

आता मोठी उडी मारतो, थेट १९७५ साली. मधला काळ, म्हणजे खडू-फळा, शाळेचा रेडिओ, हे आम्ही सोडून देतो; त्यावर बोलण्यासारखं आहे, पण वेळ नाही.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असा पूर्ण एक वर्ष भारतात एक प्रयोग झाला. त्याचं नाव 'साइट'. अमेरिकेच्या नासाचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभर उसना घेतला, आणि बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान, ओरिसा, आंध्र आणि कर्नाटक या सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत थेट आकाशातून दूरदर्शन उतरवलं. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, तीन मीटर व्यासाची छत्री, आणि खाली शाळेत किंवा पंचायतीत टीव्हीचा संच. सकाळी दीड तास शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे प्रमुख तेव्हा प्रा. यशपाल होते. (एक संच कोलंबोला आर्थर क्लार्क यांच्या घरीही बसवला होता. उपग्रहाच्या कल्पनेचे ते एक जनक, त्यांना तो मान मिळाला.)

महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. पण विजापूर जिल्हा होता, आणि सोलापूरहून विजापूर काही दूर नाही. आम्ही त्या वर्षी नुकतेच नोकरीला लागलो होतो. आमचे एक नातलग त्या बाजूला होते, त्यांच्याबरोबर सुट्टीत एका गावी हा चमत्कार पाहायला गेलो.

सकाळच्या दीड तासाचा हिशोब असा होता : हिंदी, कन्नड, तेलुगू आणि ओडिया अशा चार भाषांना प्रत्येकी साडेबावीस मिनिटं. कन्नड आणि तेलुगूच्या बाबतीत एक खास सोय होती. उपग्रहावरून एका चित्राबरोबर दोन आवाज पाठवता येत, त्यामुळे चित्र एकच, आणि विजापूरला कन्नड तर मेहबूबनगरला तेलुगू ऐकू येई. १९७५ साली हे म्हणजे कमालच होती. यंत्राने भाषांची विविधता सांभाळली, असंच कुणालाही वाटेल. आम्हालाही वाटलं.

पण चार भाषा कोणत्या? बिहारमध्ये दरभंगा आणि सहरसा जिल्हे होते. तिथल्या मुलांच्या घरी मैथिली. चंपारणात भोजपुरी. मध्य प्रदेशातले जिल्हे रायपूर, बिलासपूर, दुर्ग, घरी छत्तीसगढी. ओरिसात संबलपूर होतं, त्याची बोली वेगळी; फुलबनी होतं, तिथे कंधांची कुई. आकाशातून मात्र प्रमाण हिंदी आणि प्रमाण ओडिया. आणि आम्ही गेलो त्या गावात कन्नड घरं होती, काही मराठी, काही उर्दू बोलणारी, आणि गावाबाहेर लमाणांचा तांडा.

तिथे पाहिलेली एक गोष्ट आम्ही विसरलो नाही. पडद्यावर पाण्याचं काहीतरी चाललं होतं, झिरपणं, विहीर वगैरे. तांड्यावरचा एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा दाराशी बसला होता, मांडीवर धाकटी बहीण. पडद्यावरचा बाप्या कन्नडमध्ये एक वाक्य बोलला की हा पोरगा बहिणीच्या कानात ते गोरमाटीत सांगायचा. मुलगी मान हलवायची, मधेच काही विचारायची. तोही उत्तर द्यायचा, आणि तेवढ्यात पडद्यावरचं वाक्य निसटायचं. मास्तरांनी दोनदा त्याला दटावलं. तिसऱ्यांदा बाहेर काढलं. बहीणही त्याच्यामागोमाग गेली.

मास्तरांचं चुकलं असं तेव्हा आम्हाला वाटलं नाही, हे कबूल करतो. गडबड होत होती खरी. खूप नंतर बेलसाहेबांबद्दल वाचताना तो पोरगा आठवला. मोठ्या मुलाने धाकट्याला शिकवायचं, हीच तर ती मद्रासहून लंडनला गेलेली पद्धत! कोट्यवधींच्या उपग्रहाला जो तिसरा आवाज परवडत नव्हता, तो त्या खोलीत फुकट मिळत होता, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला गप्प केलं.

याच सुमारास गुजरातच्या खेडा जिल्ह्यात वेगळं काही चाललं होतं. पीज गावी छोटं प्रक्षेपण केंद्र उभारलं होतं, आणि तिथले कार्यक्रम त्याच भागाच्या, म्हणजे चरोतरच्या, बोलीत आणि तिथल्याच माणसांच्या प्रश्नांवर होत. गावातलीच माणसं त्यात कामं करीत. त्या केंद्राचं पुढे जगभर कौतुक झालं. यंत्र साइटपेक्षा कितीतरी लहान, पण त्याच्यापासून दहा मैलांवरच्या माणसाची भाषा त्याला ठाऊक होती. पुढे दूरदर्शनचा विस्तार झाला तो मात्र साइटच्या वाटेने, पीजच्या नव्हे. का, हा एका वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

आता आमची स्वतःची एक गोष्ट सांगायची आहे, सांगायला बरं वाटत नाही. १९८०च्या दशकात आम्ही एका जिल्ह्याच्या ठिकाणी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत होतो. कॉलेजला ओव्हरहेड प्रोजेक्टर आला. आम्ही हौसेने पारदर्शक कागदांवर वर्तुळं काढली, 'सर्व मनुष्य मर्त्य आहेत' वगैरे. सातपुड्यातल्या अक्राणीकडचा एक मुलगा वर्गात होता, घरची भाषा पावरी. तो उभा राहून शंका विचारायचा, आणि शंका चांगल्या असायच्या. पण त्याचं मराठी अडखळत यायचं, आणि वर्ग हसायचा. एके दिवशी आम्ही त्याला म्हणालो, "आधी नीट वाक्य कर, मग विचार." आमच्या मते हा उपदेश होता. त्यानंतर त्याने एकही शंका विचारली नाही. दुसऱ्या वर्षी तो आलाच नाही.

त्याच्या न येण्याला दहा कारणं असतील, घरची शेती असेल, पैसे नसतील. एका वाक्याने माणूस कॉलेज सोडतो असा निष्कर्ष काढला तर तो तर्कदोष होईल, हे आम्ही दुसऱ्यांना शिकवलं आहे. तरीही त्याची शंका काय होती ते आम्हाला आज आठवत नाही, आणि स्वतःचं वाक्य शब्दन् शब्द आठवतं.

आजच्या काळाबद्दल आम्ही थोडक्यातच बोलू, कारण इथे बसलेल्या शिक्षकांना ते आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. क्यूआर कोड ही जपानमधल्या एका कंपनीने १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी काढलेली युक्ती. ती आपल्याकडे पाठ्यपुस्तकात आली, आणि त्यात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचा मोठा वाटा आहे. २०२० सालचा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांत वाटली. त्यांच्याबद्दल वाचताना आमचं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं. सीमाभागातल्या त्यांच्या मुलांची घरची भाषा कन्नड होती, आणि त्यांनी पुस्तकातला मजकूर त्या भाषेत नेला. आधी भाषा, मग चौकोन. बातम्यांत मात्र चौकोनच जास्त दिसला.

आपल्या बालभारतीचीही बाजू सांगायला हवी. १९६७ साली पुण्यात ती स्थापन झाली, आणि ती मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू आणि सिंधी अशा आठ भाषांत पुस्तकं काढते. फार थोड्या राज्यांना असं सांगता येईल. पण या आठांत गोंडी नाही, कोरकू नाही, भिली नाही, आमच्या त्या विद्यार्थ्याची पावरी नाही. १९५६ सालच्या घटनादुरुस्तीने आलेलं कलम ३५०-क भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून राज्याने प्रयत्न करावेत असं सांगतं. 'प्रयत्न' या शब्दाचं पोट कोशाइतकंच मोठं आहे.

यंत्राची अडचण आहे, असं इथेही सांगितलं जातं. गोंडीच्या दोन लिप्या, मसराम गोंडी आणि गुंजाळा गोंडी, अनुक्रमे २०१७ आणि २०१८ साली युनिकोडमध्ये आल्या. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा स्वतः सुरू केली. तिच्या मान्यतेवरून वाद झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्या वादात शाळेचे निकष होते, कायद्याची कलमं होती. अक्षरं छापता येत नाहीत, असं मात्र या वेळी कोणाला म्हणता आलं नाही.

ज्या श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली त्यांना आम्ही एवढंच म्हणू, की तुमच्या वर्गातल्या पडद्याबद्दल नंतर बोलू; आधी हे सांगा की तुमच्या वर्गात दाराशी बसून बहिणीच्या कानात कुजबुजणारा कोणी आहे का, आणि तुम्ही त्याला काय म्हणता.

तासाच्या वर पाच मिनिटं झाली आहेत, संयोजक घड्याळ दाखवत आहेत. प्रश्न घेऊ. आणि एक विनंती : कोणाच्या घरी आजोबा-पणजोबांचे मोडी कागद असतील तर पुढच्या वेळी घेऊन या. आम्हाला थोडीफार मोडी येते. अक्षर फार पळतं नसेल, तर बसून वाचू.